परक्या विमानतळावर विमानाचे दायित्व कोणाचे?

मुंबईच्या विमानतळावर मध्यरात्र उलटल्यानंतर मोठी वर्दळ असते. युरोप, आखाती देश आणि अतिपूर्व यांकडून येणारी अनेक विमाने त्याच सुमारास उतरतात व दोन-तीन तासांत परतीच्या वाटेला लागतात. समजा, असेच एक जर्मन विमान येऊन उभे राहिले आहे. प्रवासी उतरत आहेत, सामान खाली येत आहे, इंधनाची गाडी पंखाखाली येऊन थांबली आहे. या गडबडीत हातात विजेरी घेतलेला एक मनुष्य विमानाभोवती सावकाश फिरत असतो. टायर कोठे कापला आहे काय, ब्रेक किती झिजला आहे, इंजिनाच्या पात्यांवर पक्ष्याच्या आघाताची खूण आहे काय, कोठून तेल ठिबकते आहे काय, हे तो पाहतो. वैमानिकाने वाटेत एखादा बिघाड नोंदविला असेल, तर तो दुरुस्त करून विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत सही करतो. दुरुस्ती झालेले विमान त्या सहीवाचून पुन्हा आकाशात जाऊ शकत नाही.

आता प्रश्न असा की, ही सही कोणत्या देशाच्या कायद्याखाली झाली? मनुष्य भारतीय आहे, जमीन भारताची आहे, विमान जर्मनीचे आहे आणि त्यात बसणारे प्रवासी दहा देशांचे आहेत. सही चुकीची ठरली तर त्या माणसास जाब कोण विचारणार? आणि ती चुकू नये म्हणून त्याच्या कामावर आधीपासून नजर ठेवण्याचे कर्तव्य कोणाचे? प्रवाशाच्या मनात हा प्रश्न सहसा येत नाही. परंतु त्याच्या सुरक्षिततेचा मोठा भाग याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतो.

प्रथम या कामाचे स्वरूप लक्षात घेतले पाहिजे. विमानाच्या देखभालीचे स्थूलमानाने दोन प्रकार आहेत. एक म्हणजे हँगरमध्ये होणारी मोठी देखभाल. ठरावीक काळानंतर विमान सेवेतून बाजूला काढून आत घेतात, त्याचे भाग उकलतात, सांगाडा तपासतात आणि कित्येक दिवसांनी ते पुन्हा बाहेर येते. नागपूरच्या मिहान परिसरात उभारलेले देखभाल केंद्र या प्रकारच्या कामासाठी आहे. दुसरा प्रकार म्हणजे विमान सेवेत असतानाच, दोन उड्डाणांच्या मध्ये, उघड्यावर होणारी देखभाल. तिला सर्वत्र ‘लाइन मेंटेनन्स’ म्हणतात, आणि ती जेथे होते त्या ठिकाणास ‘लाइन स्टेशन’. रेल्वेचे जंक्शन ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा भेद समजण्यास अडचण पडणार नाही. कारखान्यात डबे नेऊन त्यांची दुरुस्ती करणे वेगळे, आणि गाडी फलाटावर उभी असताना लांब दांड्याच्या हातोड्याने चाके ठोकून त्यांच्या आवाजावरून त्यांची प्रकृती ओळखणे वेगळे. विमानतळावरचा हा अभियंता त्या चाके ठोकणाऱ्या माणसाचाच वंशज होय.

परंतु त्याचे काम केवळ पाहण्याचे नसते. चाक बदलणे, बिघडलेले उपकरण काढून त्या जागी दुसरे बसविणे, तेल भरणे, दैनिक व साप्ताहिक तपासण्या करणे हे सारे त्यात येते. कित्येकदा बिघाड त्याच जागी दुरुस्त होण्यासारखा नसतो. अशा वेळी त्या बिघाडासह विमान उडू शकते की नाही, हे ठरविण्यासाठी प्रत्येक विमान कंपनीपाशी मान्य केलेली एक यादी असते. कोणते उपकरण बंद असता, किती दिवस आणि कोणत्या अटीवर उड्डाण करता येईल, हे तीत लिहिलेले असते. यादी वाचणे सोपे असते. पण निघण्याची वेळ उलटून चालली आहे, प्रवासी खोळंबले आहेत, अशा स्थितीत ‘हे विमान आत्ता जाणार नाही’ असे म्हणणे कठीण असते. लाइन स्टेशनवरच्या अभियंत्याची खरी कसोटी तेथे लागते, आणि देखरेखीचा खरा हेतूही त्याला तसे म्हणण्याचे बळ देणे हाच असतो.

या देखरेखीचे कायदेशीर मूळ शिकागो शहरी सापडते. 7 डिसेंबर 1944 रोजी, दुसरे महायुद्ध चालू असतानाच, तेथे बावन्न राष्ट्रांनी नागरी विमान वाहतुकीच्या करारावर सह्या केल्या. भारतही त्यांत होता. या करारातूनच पुढे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना जन्मास आली. तिचे मुख्य कार्यालय कॅनडातील माँट्रियल येथे आहे. कराराने एक मूलभूत तत्त्व मान्य केले. ते असे की, विमानास माणसाप्रमाणे राष्ट्रीयत्व असते. ज्या देशात त्याची नोंदणी होते तो त्याचा देश. एकाच वेळी दोन देशांत विमानाची नोंदणी होऊ शकत नाही. भारतीय विमानाच्या अंगावर ‘व्हीटी’ ही अक्षरे असतात, जर्मन विमानावर ‘डी’, अमेरिकनावर ‘एन’. ही अक्षरे केवळ ओळखीची खूण नव्हेत. त्या विमानास उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र कोणी दिले आणि ते विमान तसे राहते की नाही याची काळजी कोणी घ्यायची, याचे ते उत्तर आहे.

म्हणजे मुंबईत उभे असलेले जर्मन विमान देखभालीच्या दृष्टीने जर्मनीच्याच कायद्याची सावली बरोबर घेऊन आलेले असते. भारतीय अभियंत्याने त्यावर केलेली सही युरोपीय नियमांना मान्य असेल तरच ती सही. तथापि यजमान देश अगदीच तटस्थ असतो असेही नाही. आपल्या भूमीवर उतरलेल्या परदेशी विमानाची, विनाकारण विलंब न लावता, तपासणी करण्याचा आणि त्याची कागदपत्रे पाहण्याचा अधिकार याच कराराने प्रत्येक राष्ट्रास दिला आहे. शिवाय एका देशाने दिलेली प्रमाणपत्रे, ती आंतरराष्ट्रीय किमान मानकांना उतरत असतील तर, इतरांनी मान्य करावीत असेही ठरले. एका हाताने विश्वास ठेवावयाचा आणि दुसऱ्या हाताने तपासण्याचा अधिकार राखावयाचा, असा हा समतोल आहे. पुढच्या ऐंशी वर्षांतील साऱ्या व्यवस्था या समतोलाभोवतीच रचल्या गेल्या.

एअर इंडिया इंटरनॅशनलने 8 जून 1948 रोजी मुंबईहून लंडनला पहिले उड्डाण केले, तेव्हा ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान कैरो आणि जिनीव्हा येथे थांबत गेले. त्या काळी जगातील विमान कंपन्या थोड्या होत्या आणि त्यांचे थांबेही मोजके होते. आज एखादी मोठी कंपनी शंभराहून अधिक शहरांना जाते. प्रत्येक शहरी दिवसातून एक-दोन विमानांसाठी स्वतःची माणसे, भांडार आणि हत्यारे ठेवणे कोणासही परवडणारे नाही. म्हणून ती कंपनी त्या शहरातील एखाद्या देखभाल संस्थेशी करार करते. त्या संस्थेचे अभियंते सकाळी एका देशाचे विमान पाहतात, दुपारी दुसऱ्याचे आणि रात्री तिसऱ्याचे. विमाने एकाच बनावटीची असली तरी प्रत्येकाचा कायदा वेगळा, नोंदवही वेगळी, सही करण्याची अट वेगळी.

ही व्यवस्था चालते ती अशी. विमानाच्या देशाची नियामक संस्था प्रथम देखभाल संस्थेस मान्यता देते. मान्यतेसाठी त्या संस्थेला आपल्या कारभाराचा सविस्तर ग्रंथच लिहून सादर करावा लागतो. कोणत्या ठिकाणी कोणत्या बनावटीच्या विमानांवर कोणते काम होईल, माणसे कोण, त्यांचे शिक्षण काय, सुटे भाग कोठून येतात, टॉर्क पान्यांची अचूकता केव्हा व कशी पारखली जाते, चूक झाल्यास तिची नोंद कोणाकडे जाते, हे सारे त्यात यावे लागते. लाइन स्टेशनांची यादीही त्यात असते. यादीत नसलेल्या ठिकाणी काम करणे म्हणजे मान्यतेबाहेर जाणे होय. त्यानंतर संस्था आपल्या एकेका अभियंत्यास लेखी अधिकारपत्र देते. त्यात त्याने कोणत्या विमानावर, कोणत्या मर्यादेपर्यंत सही करावी हे नमूद असते. त्यामुळे एकाच अभियंत्यापाशी भारतीय, युरोपीय आणि आखाती अशी अनेक अधिकारपत्रे असू शकतात, आणि प्रत्येक सहीच्या वेळी आपण आता कोणत्या कायद्याखाली उभे आहोत याचे भान त्याला ठेवावे लागते.

युरोपीय नियमांतील दोन तरतुदी या संदर्भात उद्बोधक आहेत. पहिली अशी की, युरोपबाहेरील लाइन स्टेशनवर सही करणाऱ्याकडे युरोपचाच परवाना असला पाहिजे असा सरसकट आग्रह धरलेला नाही. त्या देशाचा परवाना असलेला अभियंताही चालतो. मात्र त्याचे वय, अनुभव, त्या बनावटीच्या विमानाचे शिक्षण, मानवी चुकांविषयीचे प्रशिक्षण आणि भाषेचे ज्ञान यांविषयी अटी आहेत. दुसरी तरतूद अडचणीच्या वेळेची आहे. विमान अनपेक्षितपणे अशा ठिकाणी अडकले की जेथे अधिकारपत्र असलेला कोणीच नाही, तर संस्था योग्य अनुभवाच्या माणसास त्या एका प्रसंगापुरता अधिकार देऊ शकते. पण ही गोष्ट सात दिवसांच्या आत नियामक संस्थेस कळवावी लागते. नियम येथे व्यवहारास वाट देतो, परंतु ती वाट अंधारात ठेवू देत नाही. कळविण्याची ही सक्ती म्हणजेच देखरेख.

आता देखरेख करणारे किती, हे मोजू लागले की गंमत वाटते. देखभाल संस्थेचा स्वतःचा गुणवत्ता विभाग तपासतो. करार करणारी प्रत्येक विमान कंपनी आपला तपासनीस पाठविते, कारण काम कंत्राटाने दिले तरी जबाबदारी कंत्राटाने देता येत नाही. विमानाच्या देशाची नियामक संस्था तपासते. स्थानिक देशाची नियामक संस्था तपासते. भारतात हे काम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे. पंचवीस देशांच्या कंपन्यांसाठी काम करणाऱ्या स्टेशनात तेच भांडार, तोच पाना आणि तेच कागद वर्षभर कोणी ना कोणी पाहत असतो. इतके डोळे असल्यावर चूक निसटेल कशी, असे कोणासही वाटेल. परंतु अनुभव याच्या उलट आहे. जेथे पुष्कळ जण पाहत असतात तेथे प्रत्येकास वाटते की दुसऱ्याने नीट पाहिलेच असेल. शिवाय तपासनीस येतो तो दिवसा, आधी कळवून. लाइन स्टेशन मात्र रात्री जागे असते. दिवसा दिसतात त्या नीट लावलेल्या फायली. थकवा, घाई, पावसात विजेरी तोंडात धरून केलेले काम, हे रात्री गेल्यावाचून दिसत नाही.

या पुनरुक्तीवर उपाय म्हणून काही राष्ट्रांनी परस्पर मान्यतेचा मार्ग स्वीकारला. अमेरिका आणि युरोपीय संघ यांच्यातील विमान सुरक्षा करार 2008 साली झाला आणि 1 मे 2011 पासून अमलात आला. त्यान्वये युरोपातील देखभाल संस्थेस अमेरिकन प्रमाणपत्र हवे असल्यास तिची नित्याची तपासणी युरोपीय अधिकारीच अमेरिकेच्या वतीने करतात, आणि अमेरिकेतील संस्थांबाबत अमेरिकन अधिकारी तेच काम युरोपसाठी करतात. दोन्हींच्या नियमांत जेथे फरक आहे तेवढ्यापुरत्या विशेष अटी संस्थेने आपल्या ग्रंथाला पुरवणी म्हणून जोडावयाच्या. एकमेकांचे काम नीट चालले आहे ना, हे पाहण्यासाठी दोन्ही पक्ष अधूनमधून नमुन्यादाखल तपासणी करतात. कॅनडाच्या बाबतीत अमेरिका आणखी पुढे गेली आहे. तेथील कार्यशाळांना ती निराळे प्रमाणपत्र देतच नाही. कॅनडाची मान्यता हीच पुरेशी मानली जाते. जेथे असा करार नाही, तेथे मात्र अमेरिकेचे प्रमाणपत्र प्रथम बारा महिन्यांसाठी मिळते, आणि पुढे चोवीस महिन्यांपर्यंत वाढविता येते. प्रत्येक वेळी विश्वास नव्याने मिळवावा लागतो.

परस्पर मान्यतेस विरोधही कमी झालेला नाही. परदेशातील देखभाल म्हणजे निकृष्ट देखभाल, अशी भावना अमेरिकेत प्रबळ होती. परदेशी केंद्रांच्या संरक्षणविषयक नियमांना विलंब झाल्यामुळे 2008 ते 2014 या काळात तेथे नव्या परदेशी केंद्रांना प्रमाणपत्रे देणेच थांबले होते. त्यानंतर, डिसेंबर 2024 मध्ये, परदेशी केंद्रांतील संबंधित कामगारांचीही मद्य व अमली पदार्थांविषयी चाचणी झाली पाहिजे, असा अंतिम नियम अमेरिकेने प्रसिद्ध केला. वरवर पाहता नियम साधा आहे. परंतु एका देशाने दुसऱ्या देशातील नागरिकाच्या रक्ताची वा मूत्राची चाचणी आपल्या कायद्याने सक्तीची करणे, हा सार्वभौमत्वाचा आणि खाजगी जीवनाचाही प्रश्न होतो.

मात्र सीमा ओलांडली म्हणजेच काम बिघडते हे म्हणणे सत्यास धरून नाही. 10 जून 1990 रोजी ब्रिटिश एअरवेजच्या एका विमानाच्या वैमानिक कक्षाची काच उड्डाणानंतर थोड्याच वेळात निखळली आणि कप्तान अर्धा बाहेर खेचला गेला. सहकाऱ्यांनी त्याला धरून ठेवले आणि सुदैवाने तो वाचला. ती काच त्याआधीच्या एका रात्रपाळीत बसविलेली होती. तिच्या नव्वद बोल्टांपैकी चौऱ्याऐंशी प्रमाणापेक्षा बारीक होते. हे विमान ब्रिटिश, कंपनी ब्रिटिश, बर्मिंगहॅमचे देखभाल केंद्र ब्रिटिश आणि कायदाही ब्रिटिशच होता. रात्र, घाई आणि स्वतःच्या अनुभवावरील फाजील विश्वास या गोष्टींना पारपत्र लागत नाही. सीमेमुळे निराळा असा धोका उत्पन्न होतो तो कामाच्या दर्जात नव्हे, तर जबाबदारीच्या सांध्यात. जेथे एका देशाचे कर्तव्य संपते आणि दुसऱ्याचे सुरू होते, तेथे फट राहू शकते.

ही फट किती महाग पडते हे 14 ऑगस्ट 2005 रोजी दिसून आले. सायप्रसच्या हेलिओस एअरवेजचे बोइंग 737 विमान त्या दिवशी लार्नाकाहून अथेन्समार्गे प्रागला निघाले होते. पहाटे लंडनहून परत आलेल्या या विमानाच्या मागील दाराविषयी कर्मचाऱ्यांनी तक्रार नोंदविली होती. म्हणून लाइन स्टेशनवर त्याची तपासणी करताना केबिनमध्ये हवेचा दाब भरून गळती पाहण्यात आली. त्यासाठी दाब नियंत्रित करणारी कळ ‘स्वयंचलित’ जागेवरून हाताने चालविण्याच्या जागेवर न्यावी लागते. काम झाल्यावर ती परत फिरविली गेली नाही. उड्डाणापूर्वीच्या आणि नंतरच्या तपासण्यांत वैमानिकांच्याही ती लक्षात आली नाही. विमान वर चढत गेले तसा आतील हवेचा दाब उतरत गेला. इशाऱ्याचा भोंगा वाजला, पण त्याचा अर्थ चुकीचा लावला गेला. प्राणवायूअभावी वैमानिक निश्चेष्ट झाले. यंत्राच्या आधारे विमान अथेन्सपर्यंत गेले, तेथे घिरट्या घालत राहिले आणि इंधन संपल्यावर ग्रामातिको गावाजवळ कोसळले. त्यातील सर्वच्या सर्व 121 माणसे मृत्यू पावली.

या अपघाताची कारणे सांगताना एक कळ आणि एक रात्रपाळी येथेच बहुतेकांचे बोलणे संपते. ग्रीक चौकशी मंडळाने 2006 साली दिलेला अहवाल मात्र तेथे थांबला नाही. विमान सायप्रसचे होते; त्याच्या देखभालीचे काम ब्रिटनमध्ये मान्यता असलेल्या संस्थेकडे कंत्राटाने होते; आणि सायप्रसचे विमान वाहतूक खाते देखरेखीच्या कामात दीर्घकाळ ब्रिटनकडून येणाऱ्या निरीक्षकांच्या मदतीवर विसंबून होते. हे खाते सुरक्षा देखरेखीचे आपले कर्तव्य वर्षानुवर्षे पुरेसे पार पाडू शकले नाही, असा ठपका अहवालाने ठेवला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तपासण्यांनंतर ज्या सुधारणा सुचविल्या गेल्या त्या अमलात आणविण्यास आंतरराष्ट्रीय संस्था असमर्थ ठरल्या, हेही अहवालाने अपघातास हातभार लावणाऱ्या कारणांत नमूद केले. म्हणजे तपासणी झाली नव्हती असे नाही. दोष सापडलेही होते. सापडलेला दोष दूर झाला की नाही, हे शेवटपर्यंत पाहण्याचे ओझे मात्र कोणाच्याच खांद्यावर नीट बसले नव्हते.

म्हणूनच देखरेख करणाऱ्यांवरही देखरेख ठेवण्याची प्रथा पडली. आंतरराष्ट्रीय संघटना 1999 पासून सदस्य देशांच्या नियामक यंत्रणांची रीतसर तपासणी करते. अमेरिकाही, आपल्याकडे विमाने पाठविणाऱ्या देशांच्या नियामक संस्थांची स्वतंत्रपणे पारख करते. ही पारख कंपन्यांची नसून सरकारी खात्याची असते. भारताला तिचा अनुभव आहे. जानेवारी 2014 मध्ये अमेरिकेने भारताला दुसऱ्या श्रेणीत उतरविले. महासंचालनालयापाशी पूर्ण वेळ काम करणारे प्रशिक्षित निरीक्षक पुरेसे नाहीत, हा त्यातील मुख्य आक्षेपांपैकी एक होता. भारतीय कंपन्यांची चालू उड्डाणे बंद झाली नाहीत, पण अमेरिकेकडे नवी सेवा सुरू करण्यास त्यांना मज्जाव झाला. निरीक्षक नेमले गेले, त्रुटी दूर झाल्या आणि एप्रिल 2015 मध्ये भारत पुन्हा पहिल्या श्रेणीत आला. खात्यातील रिकाम्या जागा हा वरकरणी कारकुनी वाटणारा विषय एका राष्ट्राच्या प्रतिष्ठेस कसा भिडतो, हे त्या चौदा महिन्यांनी दाखवून दिले.

अलीकडच्या काळात एक नवीच गुंतागुंत निर्माण झाली आहे. पुष्कळशी विमाने आज भाड्याने घेतलेली असतात. मालक एका देशात, नोंदणी दुसऱ्या देशात आणि विमान चालविणारी कंपनी तिसऱ्याच देशात असा प्रकार सर्रास दिसतो. नोंदणीचा देश हजारो कोसांवर असता तेथून देखरेख होणार कशी? यासाठी शिकागो करारास एक पुरवणी कलम जोडण्यात आले. ते 1980 साली संमत झाले आणि 1997 पासून अमलात आले. त्यायोगे नोंदणीचा देश आपली देखरेखीची काही कर्तव्ये, लेखी कराराने, विमान चालविणाऱ्या कंपनीच्या देशाकडे सोपवू शकतो. बर्म्युडा या छोट्या बेटावर नोंदलेली अनेक विमाने रशियन कंपन्या अशाच करारान्वये चालवीत होत्या. युक्रेनमधील युद्धामुळे 2022 साली निर्बंध आले तेव्हा या विमानांची देखभाल योग्य रीतीने होते आहे की नाही हे बर्म्युडास खात्रीने सांगता येईना. त्याने मार्च 2022 मध्ये त्यांची उड्डाणयोग्यतेची प्रमाणपत्रे तात्पुरती स्थगित केली. विमानांत काही बिघाड झाला होता म्हणून नव्हे, तर पाहणाऱ्याची नजर तेथवर पोहोचेनाशी झाली म्हणून. उड्डाणयोग्यता ही केवळ धातूची अवस्था नसून ती कोणीतरी जबाबदारीने पाहत असल्याची ग्वाही आहे, हे यावरून ध्यानी यावे.

या साऱ्याचा निष्कर्ष एवढाच की, देखरेखीचे श्रम वाटून घेता येतात, पण दायित्व वाटून घेता येत नाही. जर्मन निरीक्षकाच्या ऐवजी भारतीय निरीक्षकाने मुंबईचे स्टेशन पाहिले तर त्यात वावगे काही नाही. किंबहुना तो जवळ आहे, स्थानिक परिस्थिती जाणतो आणि रात्री येऊ शकतो, म्हणून त्याचे पाहणे अधिक उपयोगाचेही ठरेल. परंतु त्याला काय दिसले, ते कोणाला कळविले आणि दोष कोणत्या तारखेपर्यंत दूर झाला, हे विचारण्याचे कर्तव्य विमानाच्या देशाचेच राहते. ते विचारले गेले नाही, तर परस्पर मान्यतेस परस्पर दुर्लक्षाचे रूप येण्यास वेळ लागत नाही. आणि प्रत्येकाने सारेच स्वतः तपासावयाचे म्हटले, तर तपासण्यांच्या ओझ्याखाली काम करणाऱ्याचे लक्ष विमानावरून उडून कागदावर खिळते. या दोन्हींच्या मधली वाट अवघड आहे, पण विमान वाहतुकीला तीच धरून चालावे लागते.

मध्यरात्री विमानाभोवती विजेरी घेऊन फिरणाऱ्या माणसास या करारांची कलमे पाठ असतील असे नाही. त्याला एवढे ठाऊक असले तरी पुरे की, आपल्या सहीमागे दोन राष्ट्रांचे कायदे उभे आहेत. ते आपल्याला पकडण्यासाठी जसे आहेत तसेच, आपण ‘नाही’ म्हटले तर आपली पाठराखण करण्यासाठीही आहेत. हा विश्वास ज्या लाइन स्टेशनवर नांदतो, तेथून निघालेल्या विमानातील प्रवाशाने, ते विमान कोणत्याही देशाचे असो, निश्चिंतपणे डोळे मिटावेत.